एकोणसाठची पाळी

कडेगाव,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय वीऱ्या,

रामराम गड्या. बेळगावची थंडी कशी आहे? पहाटे चारला उठवतात म्हणे, खरं का? मला सातच्या एसटीसाठी उठवायला सृष्टीला तोंडावर तांब्या ओतावा लागतो, म्हणून विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाचं पाकीट विकत घेतलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "नोकरीचा अर्ज काय?" म्हटलं, "न्हाई, दोस्ताला." त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, जणू मी बैलगाडीतनं उतरलोय. पण करणार काय, तुझा मोबाईल फौजेच्या ट्रेनिंग सेंटरने जमा करून घेतलेला आणि रविवारची ती दहा मिनिटं तुझ्या आईची. इंग्लिशमध्ये लिहिणार होतो, पण तू वाचून दाखवायला कुणाला तरी धरलं असतंस. म्हणून मराठी. सहावीपर्यंत कोइमतूरला शिकलेला माणूस आहे मी, वेलांट्या सांभाळून घे.

घरी सगळे ठीक. आजोबा ठीक. पप्पा कोइमतूरहून आलेत, सोन्याच्या गलाईच्या दुकानाला काकांना बसवलंय. सहज आलेत.

आता आपण बनवतोय त्या गेमचं. त्यासाठीच तर लिहितोय.

आपला बिराप्पा अजून माण तालुक्यातच अडकलाय. मेंढरं घेऊन पश्चिमेला निघाला, वाटेत लांडगे, दरोडेखोर, पाण्यावरनं अडवणारी गावं, सगळं तयार आहे; फक्त आपलं भांडण मिटत नाही म्हणून तो चालत नाही. तुझं म्हणणं, "स्टोरी गेली चुलीत. बटन दाबलं की काठी बसली पायजे." माझं म्हणणं, हाणामारी कुठल्याही गेममध्ये असते. रोल-प्लेइंग म्हटल्यावर हा माणूस कोण, का हाणतोय, नाही हाणलं तर काय होईल, हे पाहिजे. पहिला लांडगा यायच्या आधी मी ४३ डायलॉग लिहिले होते. तू फोन माझ्या हातात परत दिलास आणि म्हणालास, "राजा, तुझा बिराप्पा बोलून बोलूनच मेंढरं मारतोय. लांडग्याची गरजच न्हाई."

तेव्हा लय राग आला होता. आता आठवलं की हसू येतं.

आणि तुझी ती आयडिया खरंच भारी होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. बांधावर तू काठी फिरवत होतास आणि मी शूट करत होतो. तू म्हणालास, "काठी लागली की सगळं थांबलं पायजे. मारणारा, खाणारा, धूळ, सगळं. जरासंच. मग वजन येतं." मी पाच फ्रेम थांबवल्या. वजन आलं. सांगलीत कॉलेजला दाखवलं तर पोरं म्हणाली, हे कुणी शिकवलं? म्हटलं, एक बारावी पास पोरगा आहे आमच्या खालच्या वस्तीवरचा.

लढाई पाळीपाळीने करायची म्हणून स्क्रीनवर मी "तुमची पाळी" लिहिलं होतं, आठवतं? सृष्टी जमिनीवर लोळून हसली. "दादा, मुलींनी गेम चालू करायचा का न्हाई ते आधी सांग." आणि तू दुसऱ्याच गोष्टीला हसत होतास. घावाचे आकडे मी अक्षरात लिहिले होते आणि सगळे एकोण-वाले दहाने चुकले होते. काठीने एकोणतीसचा घाव घातला की लांडग्याचे ३९ जायचे. तू म्हणालास, "इंग्लिश मिडीयमचा लांडगा हाय, लवकर मरतोय."

असो.

नवीन मिशन सुचलंय. ऐक. एक पाट, त्यावर दोन रानं. कालव्याचं पाणी पाळीने येतं. बिराप्पा मेंढरं घेऊन तिथे पोचतो तेव्हा एक माणूस आपल्या रानात पाणी धरून उभा आहे आणि दुसरा खोरं घेऊन पाटावरनं येतोय. दोघं ओळखीचे. दोघांनाही वाटतं पाळी आपली. इथे मी डायलॉग फार ठेवलेले नाहीत, तुला आवडेल. तीन-चार वाक्यं, की लगेच लढाई.

आवाजाचं काम मी केलंय. खोरं माणसावर बसलं की गेममधल्यासारखं खणकन वाजत नाही. ओल्या पोत्यावर हाणल्यासारखं वाजतं. हाडाला लागलं तर दांड्यातनं खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात, मारणाऱ्याच्या. रक्त वाहत्या पाण्यात पडलं की पाणी लगेच लाल होत नाही. दोऱ्यासारखं लांब जातं आणि सरीत शिरताना पसरतं. आणि हेल्थ संपली तरी माणूस बोलत राहतो. हे कुणी दाखवत नाही. आपण दाखवू.

आधी कोण हाणतो ते ठरवलेलं नाही. तुला काय वाटतं?

उजव्या हाताची करंगळी मोडलीय म्हणून अक्षर असं आहे. क्रिकेट. तुझा मल्हारदादा मागच्या मंगळवारी भेटला होता पाटावर. तुझ्या घरी मी पत्र लिहिल्याचं सांगू नकोस. असंच.

उत्तर पाठव. लवकर पाठव.

तुझाच,
राजा


कडेगाव,
रविवार, १ मार्च २०२६

वीऱ्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू बरा आहेस, वजन चार किलो उतरलं, उस्ताद नाव घेऊन शिव्या देतो, हे वाचून बरं वाटलं. सृष्टीने बिराप्पाच्या कुत्र्याचं चित्र केलंय, कान एक उभा एक पडलेला, ते मी

नको. हे पान तिसऱ्यांदा लिहितोय. प्रत्येक वेळी कुत्र्यापाशी येऊन थांबतो.

तू लिहिलंस, "मिशन भारी हाय. पण त्यो आवाज तुला कसा म्हाईत? आन आधी कोण हाणतं ते ठरवल्याबिगार मिशन हुत न्हाई, ते लिव. दुसरं, घरी फोन केला की आई नुसती रडती. आण्णा म्हणत्यात दादा रानात गेलाय. तीन रविवार झालं, दादा रानातच हाय. तू जवळ हायस. खरं सांग."

तुझा दादा रानात नाही. सांगलीला दवाखान्यात आहे. जिवंत आहे, डॉक्टर म्हणतात धोका टळला. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचशील. त्याचा जबडा तारेने बांधलाय. उजव्या कानाचा वरचा भाग गेला, त्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कोपरात रॉड आहे. नळीने डाळीचं पाणी पितो.

ते मी केलं.

घरच्यांनी तुला सांगितलं नाही, कारण तू ट्रेनिंग टाकून येशील आणि माझा मुडदा पाडशील असं त्यांना वाटतं. बरोबर वाटतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. मी घरी होतो, सबमिशनची सुट्टी. अकराला पप्पांचा दुकानातनं फोन आला. मागे भट्टीचा आवाज, कोण तरी तमिळमध्ये ओरडतंय. पप्पा म्हणाले, "राजा, पाटकऱ्याचा फोन आलता. आज एकोणसाठची पाळी हाय, दोनपतूर. खोरं घिऊन जा पाटावर." आणि कट.

आमचा गट नंबर ६९. तुमचा ५९. हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं, आकड्यात. सातबाऱ्यावर आकड्यातच असतं. पण ऐकताना माझ्या डोक्यात एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन. लहानपणापासून असंच आहे. तुम्ही सगळे हसायचात, मीही हसायचो.

मला वाटलं, आपली पाळी चालू आहे, अकरा वाजून गेलेत, आणि आपलं रान कोरडं.

गेलो तर मल्हारदादा तुमच्या उसाच्या लागणीत पाणी धरून उभा. मला बघून खूष झाला. "काय रं राजा, कालेज बुडवलंस काय?"

मी म्हटलं, "दादा, पाणी सोडा. आमची पाळी आहे."

"कुणी सांगितलं?"

"पप्पांनी."

"तुझ्या पप्पाला कोइमतुरातनं पाट दिसतुय व्हय? लय मोठी दुर्बीण घेतलीया मग."

मी तुमच्या सरीचं तोंड चिखलाने बुजवलं. तो हसतच आला, एका खोऱ्यात मोकळं केलं. मी परत बुजवलं. त्याने परत मोकळं केलं. असं चार वेळा, वीऱ्या. माझा वार, मग त्याचा वार, एकमेकांना न शिवता. पाचव्या वेळी त्याने मला छातीला हात लावून ढकललं आणि मी पाटात बसलो, कमरेइतक्या पाण्यात, खिशात फोन. तो म्हणाला, "जा, मोबाइलवर भांडत बस. हितं माणसं काम करत्यात."

आणि वळला. वाकून सरीचं दार मोडायला लागला.

तू विचारलंस ना, आधी कोण हाणतं. मी. पाठीमागून. तो वाकलेला होता.

पहिला घाव कानावर बसला. तू म्हणायचास, सगळं थांबलं पाहिजे. थांबलं. पाणी, कावळे, त्याची पाठ. त्या थांबलेल्यात मला खोरं खाली टाकता आलं असतं, एवढा वेळ होता. नंतर परत सगळं चालू झालं आणि मी दुसरा घाव घातला. तो फिरत होता तेव्हा जबड्यावर. दात चिखलात पडलेला मी बघितला. तिसरा त्याने हात वर केला त्यावर. कोपर मागच्या बाजूला वळलं. हे पहिल्या पत्रात मी तुला आवाजाचं काम म्हणून लिहिलं. ते लिहिताना मला जरा बरं वाटत होतं, की हे सांगितल्यासारखं आहे. ते सांगणं नव्हतं. लपणं होतं.

मग त्याने डाव्या हाताने माझा गळा धरला आणि मला पाटात बुडवलं. एका हाताने. माझी करंगळी त्याने दाताने मोडली, तुटलेल्या जबड्याने. क्रिकेट नव्हतं ते. मला वाटलं मेलो. नाकात चिखल, डोळ्यांपुढे काळं. आणि अचानक त्याने सोडलं. ताकद संपली असेल. दया आली असेल असं मी लोकांना सांगणार नाही, मला माहीत नाही.

तो बांधाला टेकून बसला. मी खोकत होतो. त्याचं तोंड नीट हलत नव्हतं, शब्द फुटत नव्हते, तरी मला कळले. तो म्हणाला, "किती वाजलं?"

माझ्या हातात घड्याळ होतं. म्हटलं, "बारा वीस."

तो म्हणाला, "मग दोनला तुझीच हुती की रं."

तेव्हा मला एकोणसाठ म्हणजे किती ते कळलं.

मी पळून गेलो नाही, एवढंच माझ्या बाजूचं आहे. कोंडीबा पाटकरी त्याच्या एमएटी गाडीवर येत होता, त्याला हाक मारली, दोघांनी दादाला मध्ये बसवून कडेगावला नेलं, तिथनं सांगली. माझा शर्ट त्याच्या डोक्याला बांधलेला.

संध्याकाळी जोतीरामआण्णा सातआठ जणांना घेऊन आमच्या घरी आले. तुझ्या वडिलांना मी कधी आवाज चढवलेलं ऐकलं नव्हतं. दाराची कडी पहारीने उपटली. माझी गाडी पेटवली. आजोबा मध्ये पडले तर कुणाची तरी काठी त्यांच्या नडगीवर बसली, हाड दिसलं. सृष्टीने मला माळ्यावर कोंडलं आणि शिडी ओढून घेतली. ती खाली एकटी उभी राहिली. आण्णा तिला म्हणाले, "पोरी, बाजूला हो. तुझ्याशी वाद न्हाई." ती म्हणाली, "आण्णा, मला मारा आन मग वर जावा." ते खाली बसले अंगणात. पेटलेल्या गाडीसमोर बसले आणि नुसतं "माझं पोरगं, माझं पोरगं" करत राहिले. मी माळ्यावरनं ऐकलं. उतरलो नाही.

पप्पा दुसऱ्या दिवशी आले. मला खोलीत नेलं. म्हणाले, "फोनवर मी किती सांगितलंतं?"

"एकोणसाठ."

"म्हंजे किती?"

"सिक्स्टी नाइन."

ते हसले नाहीत. पलंगावर बसले. म्हणाले, "सोनं वितळवत बसलो तिकडं. तुला पाढं शिकवायला हुतो कुठं मी." मग उठले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "ही गोष्ट ह्या खोलीच्या भाईर जायची न्हाई."

आता आमची गोष्ट अशी झालीय. पाळी ६९ची होती. मल्हारने पाणी चोरलं. मी हात जोडून विनवलं. त्याने जातीवरनं नाही पण आईवरनं शिवी दिली. त्याने आधी खोरं उगारलं. मी अडवलं, झटापटीत त्याला लागलं. पप्पांच्या ओळखीच्या वकिलाने ती तीनदा लिहिली. दर वेळी एक भर पडते. कुणी कुठे उभं होतं, सूर्य कुणाच्या डोळ्यात होता, सगळं आहे त्यात. कोंडीबाला विचारलं तर तो म्हणतो, "मला काय आठवत न्हाई बाबा, मी दोघास्नीबी सांगितलंतं." त्याला गावात राहायचंय.

मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो की गोष्ट जितकी गुंतागुंतीची तितका गेम भारी. ही गोष्ट लय गुंतागुंतीची आहे. आणि खरी एवढीच आहे: त्याची पाळी होती, त्याची पाठ होती, मी हाणलं.

मी पप्पांना म्हटलं, "पण तो दाखल आहे, त्याला अटक होईल." पप्पा म्हणाले, "त्यो काय, शेतातच राबणारा हाय. जामिनावर सुटंल, परत शेतात जाईल. तू इंजिनेर हुणार हायस." वीऱ्या, मी जेवलोसुद्धा नंतर.

दोन्हीकडच्या तक्रारी घेतल्यात. अजून अटक कुणालाच नाही. मल्हारदादाला बोलता येत नाही, उजव्या हाताने लिहिता येत नाही, म्हणून त्याचा जबाब राहिलाय. तार निघाली की तो सांगेल, पण तोवर सगळ्या गावाने त्याला पाणीचोर ठरवलेलं असेल. आत्ताच ठरवलंय. तुझी आई दुकानात गेली तर बायका बाजूला होतात, सृष्टीने बघितलं. माझा जबाब मी हाताचं कारण सांगून दोनदा टाळला. उद्या सोमवारी अकराला बोलावलंय. पप्पा आणि वकील बरोबर येणार आहेत.

मी गेल्या गुरुवारी दवाखान्यात गेलो होतो. वॉर्डाच्या दारापर्यंत. तुझी आई त्याला नळीने पाणी देत होती आणि त्याच्या चांगल्या कानाशी काहीतरी बोलत होती. त्याने डोळे उघडून दाराकडे बघितलं. मला ओळखलं. त्याने काही केलं नाही. मी जिन्यात बसून ओकलो आणि परत आलो.

तिथे पाटावर काय काय करता आलं असतं ते मला आता रोज दिसतं. पप्पांना परत फोन लावायचा. कोंडीबाला विचारायचं. "दादा, एकोणसाठ म्हणजे किती" एवढं विचारलं असतं, तर त्याने टपली मारून सांगितलं असतं. नाहीतर नुसतं बांधावर बसायचं दोन वाजेपर्यंत. गेममध्ये मी असे पर्याय लिहीत बसायचो आणि तू कंटाळायचास. त्या दिवशी मला एकही दिसला नाही. हातात खोरं होतं आणि समोर पाठ.

उद्या मी खरं सांगणार आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पप्पा शेजारी बसलेले असताना, वकील कागद पुढे सरकवत असताना, मी काय करेन ते मला माहीत नाही. माळ्यावरनं मी उतरलो नव्हतो. म्हणून हे पत्र मी आज सांगलीच्या मोठ्या पोस्टातनं पाठवणार होतो, पण रविवार आहे; उद्या सकाळी नऊला कडेगावच्या पोस्टात रजिस्टर करीन आणि मग ठाण्यात जाईन. पावती सृष्टीजवळ ठेवणार आहे. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "दादा, तू न्हाई टाकलंस तर मी टाकते."

तुमच्याकडे पत्रं उघडून वाचतात असं ऐकलंय. वाचू देत. तुझ्या साहेबांना दाखव. मग आण्णांकडे पाठव, ते वकिलाला देतील. फाडू नकोस, वीऱ्या. कितीही वाटलं तरी फाडू नकोस, आणि पळून येऊ नकोस. मला मारायचं असेल तर ट्रेनिंग संपल्यावर ये. मी कुठे असेन ते ठाण्यात कळेल.

मी, राजवर्धन दादासो सूर्यवंशी, वय वीस, धंदा शिक्षण, राहणार वरची वस्ती, कडेगाव, लिहून देतो की ३ फेब्रुवारी रोजी पाण्याची पाळी मल्हार जोतीराम यांची होती. त्यांनी पाणी चोरलेलं नाही. त्यांनी शस्त्र उगारलं नाही. ते पाठमोरे वाकलेले असताना मी पहिला घाव घातला आणि त्यांना खोऱ्याने एकूण तीन वेळा मारलं. हे मी शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय, माझ्या हाताने लिहिलं.

लिहून देणार,
राजवर्धन